कोलेस्टेरॉल वाढले आहे? आधी थायरॉईडची चौकशी करा

म्हैसूर शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून मैसूरु झाले असले, तरी तेथील तुपाळ मिठाई महाराष्ट्रात आजही जुन्याच नावाने ओळखली जाते. ज्या शहरात म्हैसूर पाक आणि लोणी घातलेला डोसा हा अभिमानाचा विषय आहे, तेथे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढल्याचा अहवाल हाती पडला, की पहिला संशय साहजिकच तुपालोण्यावर जातो. मिठाई बंद होते, पहाटेचा फेरफटका सुरू होतो, घरातले तेल बदलले जाते. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावे, तर आकडा जवळजवळ तेथेच असतो. मग कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सुरू होते आणि बहुधा ती कायमची सोबत करते. पुणे, नागपूर किंवा पणजी येथील दवाखान्यांतही याहून वेगळे चित्र दिसत नाही.

या साऱ्या धडपडीत एक साधा प्रश्न विचारायचा अनेकदा राहून जातो. गळ्याच्या पुढील बाजूस असलेली थायरॉईड, म्हणजेच अवटू ग्रंथी, आपले काम नीट करीत आहे काय? ही ग्रंथी मंदावली असेल, तर रक्तातील मेद वाढणे हा आहाराचा दोष नसून त्या मंदपणाचा परिणाम असू शकतो. अशा वेळी ग्रंथीवर उपचार केल्यास कोलेस्टेरॉल बऱ्याच प्रमाणात आपोआप उतरते. उलट ग्रंथीकडे दुर्लक्ष करून केवळ कोलेस्टेरॉलवर औषध दिले, तर ते अपुरे तर पडतेच, शिवाय अपायही करू शकते.

नळ बारीक, पण मोरी तुंबलेली

कोलेस्टेरॉल हा शरीराचा शत्रू नव्हे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके आणि पित्तातील आम्ले तयार करण्यासाठी ते लागतेच. यकृत स्वतःच ते तयार करते, काही भाग आहारातून येतो. रक्तातून त्याची वाहतूक मेद आणि प्रथिने यांच्या सूक्ष्म कणांमार्फत होते. त्यांपैकी एलडीएल हे कण जास्त झाले आणि दीर्घकाळ रक्तात फिरत राहिले, तर ते रोहिणीच्या भिंतीत साचू लागतात. हृदयविकाराची सुरुवात तेथून होते.

हे कण रक्तातून काढून घेण्याचे काम मुख्यतः यकृत करते. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राहक असतात. त्यांचा शोध लावणारे अमेरिकेतील मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृताच्या पेशीवर असे किती ग्राहक असावेत, हे ज्या गोष्टी ठरवितात, त्यांत थायरॉईडच्या संप्रेरकाचा वाटा मोठा आहे. हे संप्रेरक पेशीच्या केंद्रकात जाऊन ग्राहक तयार करणाऱ्या जनुकाला चालना देते. संप्रेरक कमी पडले, की ग्राहक कमी होतात आणि एलडीएलचे कण रक्तात रेंगाळत राहतात. त्याच वेळी कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करण्याचा वेगही घटतो, म्हणजे बाहेर पडण्याची दुसरी वाटही अरुंद होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. थायरॉईड मंदावल्यावर शरीरातील कोलेस्टेरॉलची निर्मिती वाढत नाही, उलट ती काहीशी कमीच होते. तरीही रक्तातील पातळी चढते. न्हाणीघरातला नळ बारीक केला, पण मोरी तुंबलेली असेल, तर पाणी साचायचे ते साचतेच, तसा हा प्रकार आहे. आहारातील तूप कमी करणे म्हणजे नळ आणखी थोडा बारीक करणे होय. ते निरुपयोगी नाही, परंतु मोरी मोकळी झाल्याशिवाय पाणी ओसरत नाही. पथ्य मनापासून पाळूनही आकडा हलत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या रुग्णांनी हे समजून घ्यायला हवे.

ट्रायग्लिसराईड या दुसऱ्या मेदाचेही असेच होते. रक्तातील ट्रायग्लिसराईडचे विघटन करणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर थायरॉईडच्या कमतरतेत सुस्तावते, त्यामुळे काही रुग्णांत ही पातळीही वाढते. ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हटले जाते ते एचडीएल मात्र बहुधा कमी होत नाही, क्वचित थोडे वाढलेलेही आढळते.

भारतीयांच्या संदर्भात हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब या पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील प्रौढांच्या रक्तातील मेदांची तपासणी करण्यात आली होती. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार ७२.३ टक्के लोकांचे एचडीएल कमी होते, २९.५ टक्के लोकांचे ट्रायग्लिसराईड जास्त होते, तर एलडीएल वाढलेल्यांचे प्रमाण ११.८ टक्के होते. म्हणजे आपल्याकडचा नेहमीचा नमुना कमी एचडीएल आणि जास्त ट्रायग्लिसराईड असा आहे. ज्या अहवालात एलडीएल बरेच चढलेले, पण एचडीएल ठीक दिसते, तो अहवाल पाहताना थायरॉईडची आठवण व्हायला हरकत नाही. अर्थात एका अहवालावरून निदान होत नसते आणि दोन्ही नमुने एकाच व्यक्तीत मिसळलेलेही असू शकतात.

जुन्या काळी हीच थायरॉईडची चाचणी

या दोहोंचा संबंध वैद्यकशास्त्राला नव्याने कळलेला नाही. थायरॉईड मंदावलेल्या एका स्त्रीवर मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून यशस्वी उपचार करण्याचा मान इंग्लंडमधील न्यूकॅसलचे डॉ. जॉर्ज मरे यांच्याकडे १८९१ मध्ये गेला. एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळाच्या दिवशी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये थायरॉक्सिन हे संप्रेरक वेगळे केले. पुढे १९३० च्या सुमारास थायरॉईडच्या रुग्णांतील कोलेस्टेरॉलची मोजणी होऊ लागली आणि ग्रंथी मंद असल्यास कोलेस्टेरॉल चढते, अतिक्रियाशील असल्यास उतरते, हे स्पष्ट झाले. आज सर्वांना ठाऊक असलेली टीएसएच चाचणी तेव्हा नव्हती. त्यामुळे वाढलेले कोलेस्टेरॉल हीच थायरॉईडच्या मंदपणाची एक खूण मानली जात असे. म्हणजे पूर्वीचे वैद्य कोलेस्टेरॉल पाहून थायरॉईड ओळखत. आज थायरॉईडची चाचणी सहज उपलब्ध असताना कोलेस्टेरॉल पाहून थायरॉईड विसरली जावी, हे काहीसे विचित्रच म्हणावे लागेल.

भारतात किती जणांना?

एके काळी भारतात थायरॉईडचा आजार म्हणजे आयोडीनच्या अभावाने होणारा गलगंड असेच समीकरण होते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासामुळे आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता सिद्ध झाली. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर मे २००६ पासून देशभर बंदी आली. त्यानंतरही थायरॉईडचे रुग्ण दिसत राहिले, कारण आता त्यांतील बहुतेकांचा आजार वेगळा आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते आणि ती हळूहळू निकामी होत जाते. जपानचे डॉ. हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मुंबई, गोवा, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, अहमदाबाद, दिल्ली आणि कोलकाता अशा आठ ठिकाणी ५,३७६ प्रौढांच्या तपासणीवर आधारलेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १०.९५ टक्के लोकांना थायरॉईडची कमतरता आढळली. स्त्रियांतील प्रमाण १५.८६ टक्के, तर पुरुषांतील ५.०२ टक्के होते. यांपैकी अनेकांना आपल्या आजाराची कल्पना होती. परंतु तपासलेल्यांपैकी ३.४७ टक्के लोक असे निघाले, की ज्यांना आजार असूनही त्याचा पत्ताच नव्हता. समुद्रकाठच्या शहरांपेक्षा आतल्या भागातील शहरांत प्रमाण अधिक होते. म्हैसूरचा या पाहणीत समावेश नव्हता, पण तेही समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर वसलेले शहर आहे.

आजार लपून राहण्याचे कारण त्याच्या लक्षणांत आहे. थकवा, वजन वाढणे, त्वचा कोरडी पडणे, केस गळणे, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे, पाळीत अनियमितपणा, मन उदास राहणे, यांतील एकही लक्षण असे नाही की जे चाळिशीतल्या गृहिणीने ‘दगदग फार होते’ म्हणून बाजूला सारू नये. कित्येकांच्या बाबतीत वार्षिक तपासणीत चढलेले कोलेस्टेरॉल हाच पहिला ठोस पुरावा असतो.

म्हैसूरच्या नोंदवह्या काय सांगतात

हृदयविकाराच्या संशोधनात म्हैसूरचे नाव जगभर घेतले जाते, ते तेथील एका जुन्या रुग्णालयाने जपलेल्या नोंदवह्यांमुळे. होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालयात १९३४ पासून जन्मलेल्या बालकांच्या वजनाच्या नोंदी ठेवण्यात आल्या होत्या. त्यांच्या आधारे, १९३४ ते १९५४ या काळात तेथे जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांना मोठेपणी शोधून काढून त्यांच्या हृदयाची तपासणी करण्यात आली. ब्रिटनमधील साऊथम्प्टनच्या संशोधकांचा सहभाग असलेला हा अभ्यास १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जन्मतः अडीच किलो किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांत हृदयरोहिणीच्या विकाराचे प्रमाण ११ टक्के, तर ३.१ किलो किंवा अधिक वजन असलेल्यांत ते ३ टक्के आढळले. हा संबंध हृदयविकाराच्या परिचित कारणांवर फारसा अवलंबून नव्हता.

त्या अभ्यासाचा विषय थायरॉईड नव्हता. तरीही तो येथे आठवण्याचे कारण आहे. आपल्याकडील अनेकांच्या हृदयाला असलेल्या धोक्याचा एक भाग आईच्या पोटातच ठरून गेलेला असतो आणि तो पुढे कोणालाही बदलता येत नाही. अशा माणसाच्या रोहिण्यांतून मंदावलेल्या थायरॉईडमुळे वाढलेले एलडीएल वर्षानुवर्षे फिरत राहिले, तर ती जोखमीवर आणखी एक जोखीम होते. थायरॉईडच्या कमतरतेत खालचा रक्तदाबही वाढण्याची प्रवृत्ती असते. यांतला थायरॉईडमुळे आलेला वाटा मात्र रोजच्या एका स्वस्त गोळीने दूर करता येतो. थायरॉक्सिनची गोळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असून तिच्या किमतीवर सरकारचे नियंत्रण आहे.

पाय दुखतात तेव्हा

कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी औषधे म्हणजे स्टॅटिन. हृदयविकाराचा झटका टाळण्यात त्यांचा उपयोग निर्विवाद आहे आणि त्यांच्याविषयी पसरविल्या जाणाऱ्या अवास्तव भीतीला येथे दुजोरा द्यायचा नाही. मात्र स्नायूदुखी हा त्यांचा परिचित दुष्परिणाम आहे आणि उपचार न झालेल्या थायरॉईडच्या रुग्णांत त्याची शक्यता वाढते. थायरॉईडची कमतरता स्वतःच स्नायू दुखविते, पायांत गोळे आणते आणि रक्तातील क्रिएटिन कायनेज हे विकर वाढविते. त्यात स्टॅटिनची भर पडली, की दुखणे बळावते. अगदी क्वचित स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर तुटून मूत्रपिंडांना इजा होण्यापर्यंत पाळी येते.

नेहमी दिसणारे नुकसान याहून कमी नाट्यमय, पण अधिक व्यापक आहे. मांड्या-पोटऱ्या दुखू लागल्यावर रुग्ण गोळी बंद करतो. ‘यांना स्टॅटिन सोसत नाही’ असा शेरा कागदपत्रांत कायमचा बसतो. दहा वर्षांनी त्याच व्यक्तीला खरोखरच स्टॅटिनची निकड भासली, तर तो जुना शेरा आड येतो. वास्तविक दोष औषधाचा नव्हता, क्रमाचा होता. म्हणूनच कोलेस्टेरॉलचे औषध सुरू करण्याआधी आणि औषध घेताना स्नायू दुखू लागल्यास टीएसएच तपासावे, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सुचवितात. एलडीएल १९० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर थायरॉईडप्रमाणेच मूत्रपिंडाचा विकार, यकृतातील पित्तमार्गाचा अडथळा आणि अनियंत्रित मधुमेह हीही कारणे पडताळून पाहिली जातात.

तरुण स्त्रियांच्या बाबतीत या क्रमाला आणखी एक पैलू आहे. गर्भारपणात सामान्यतः स्टॅटिन बंद करण्यास सांगितले जाते. थायरॉईडची गोळी मात्र त्या काळात सोडायची नसते, उलट तिची मात्रा बहुधा वाढवावी लागते.

ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांना मधुमेहामुळे डॉक्टरांनी स्टॅटिन दिले आहे, त्यांनी हा मजकूर वाचून आपली गोळी थांबवू नये. त्यांच्या बाबतीत स्टॅटिनचे प्रयोजन केवळ कोलेस्टेरॉलचा आकडा नसतो. डॉक्टरांना टीएसएचविषयी विचारावे, इतकेच.

सीमारेषेवरचे आकडे

टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक आहे. थायरॉईड सुस्तावली, की पीयूषिका तिला हाकारण्यासाठी टीएसएच वाढविते. साधारणतः चार ते साडेचारपर्यंतची पातळी प्रौढांत सामान्य धरली जाते. ती दहाच्या वर असेल, तर बहुतेक वेळा उपचार केले जातात. प्रश्न येतो तो मधल्या पट्ट्यातील माणसांचा. त्यांचे टीएसएच किंचित वाढलेले असते, पण थायरॉक्सिन सामान्य असते. अशांच्या कोलेस्टेरॉलमध्ये थायरॉईडचा वाटा लहान असतो आणि गोळी घेऊन होणारी घटही लहानच असते.

वृद्धांच्या बाबतीत तर अधिकच सबुरी हवी. युरोपात ६५ वर्षे व त्यांवरील ७३७ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सौम्य कमतरता असलेल्यांना थायरॉक्सिन दिल्याने त्यांच्या लक्षणांत फरक पडला नाही. गोळीची मात्रा जास्त झाली, तर हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि हाडे ठिसूळ होणे असे धोके असतात.

थायरॉईड निरोगी असतानाही केवळ कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठी अशा संप्रेरकाचा वापर करून पाहण्यात आला आहे. अमेरिकेत झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत थायरॉक्सिनचे एक भावंड, डेक्स्ट्रोथायरॉक्सिन, देण्यात आले. त्या गटात मृत्यू अधिक होत असल्याचे दिसल्याने ते औषध मध्येच थांबवावे लागले. त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या संप्रेरकाने हृदयाला मात्र चाबूक मारला होता. वजन कमी करण्यासाठी शेजारणीच्या बाटलीतील थायरॉईडची गोळी घेऊन पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्या फसलेल्या प्रयोगातील मूळ कल्पना मात्र संपली नाही. मुख्यतः यकृतातील थायरॉईडच्या ग्राहकावरच काम करणारे रेस्मेटिरोम हे औषध यकृतात मेद साचून व्रण पडू लागलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मंजूर झाले. त्याने एलडीएलही उतरते, परंतु ते कोलेस्टेरॉलचे औषध म्हणून मंजूर झालेले नाही.

गोळी आणि फिल्टर कॉफी

निदान झाले, गोळी सुरू झाली, तरी कोलेस्टेरॉल उतरत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. त्याचे कारण अनेकदा गोळीत नसून तिच्या वेळेत असते. थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचे असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचे-प्यायचे नसते. कोडगू आणि हासन या कॉफीच्या जिल्ह्यांना लागून असलेल्या म्हैसूरमध्ये उठल्याबरोबर फिल्टर कॉफीचा वाफाळता पेला हातात येतो. महाराष्ट्रात त्या जागी चहा असतो. इटलीतील डॉक्टरांनी २००८ मध्ये कॉफीबरोबर घेतलेली गोळी आतड्यात नीट शोषली जात नसल्याचे दाखवून दिले होते. गोळी व कॉफी यांत तासाभराचे अंतर ठेवले, तर एवढ्यानेच कित्येकांचे टीएसएच सुधारते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर थायरॉक्सिनपासून चार तास दूर ठेवाव्या लागतात. स्त्रियांना या तिन्ही गोळ्या एकाच वेळी लिहून दिलेल्या असतात आणि त्या न्याहारीबरोबर एकत्रच घेतल्या जातात, ही नेहमीची गोष्ट आहे. सकाळ साधत नसेल, तर रात्रीच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी झोपताना गोळी घेण्याचा पर्याय डॉक्टरांना विचारता येतो.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी एक सूचना. काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खोटेच कमी दिसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनमुळे चाचण्यांत येणाऱ्या अशा चुकांविषयी इशारा दिला होता. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस बायोटिन थांबवावे आणि आपण ते घेत होतो हे प्रयोगशाळेला सांगावे.

गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात. त्याआधी तपासून उपयोग नसतो, कारण शरीरातील संप्रेरकाची पातळी स्थिरावण्यास तेवढा काळ लागतोच. वयस्कर आणि हृदयविकार असलेल्या रुग्णांत मात्रा अगदी कमीपासून सुरू करून हळूहळू वाढविली जाते. रक्तातील मेदांचा खरा हिशेब टीएसएच योग्य पातळीवर आल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी करावा. सुरुवातीचे टीएसएच जितके चढलेले असेल, तितकी कोलेस्टेरॉलमधील घट सामान्यतः मोठी असते.

त्यानंतरही एलडीएल चढेच राहिले, तर त्याचा अर्थ मोरी दुसऱ्याही कारणाने तुंबली आहे असा होतो आणि तेव्हा आहार, व्यायाम व स्टॅटिन यांचा विचार निःशंकपणे करावा. विशेषतः पातळी १९० च्या वर टिकून असेल आणि घरात कोणाला तरुणपणी झटका आलेला असेल, तर हा आनुवंशिक विकार असू शकतो. तो पालकाकडून प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. अशा कुटुंबात रुग्णाबरोबरच त्याच्या भावंडांचे आणि मुलांचेही रक्त तपासून घ्यावे लागते.